कोल्हापूरहून मुंबईला लिंकिन पार्क बघायला एकटीनं जावं का?

रंकाळ्याची_संध्याकाळ:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच काहीतरी विचारतेय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जानेवारी २०२६ मध्ये लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड पहिल्यांदा भारतात येतोय हे तुम्हाला ठाऊक असेलच. २३ तारखेला शुक्रवारी बेंगळुरूला त्यांचा स्वतःचा शो आणि २५ ला रविवारी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात. मी कोल्हापूरची, वय ३९, दोन मुलं, बँकेत नोकरी. आजवर एकही कॉन्सर्ट बघितलेली नाही, खासबागेत झालेला गाण्यांचा एक कार्यक्रम सोडला तर. पण ही बातमी वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही.

आमच्याकडे हे सगळं दादामुळे आलं. तो सांगलीला इंजिनिअरिंगला होता, मी बारावीला. दिवाळीच्या सुट्टीत येताना हॉस्टेलवर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून राइट केलेली एमपीथ्री सीडी घेऊन आला, वर मार्करनं फक्त एल पी लिहिलेलं. त्यात हायब्रिड थिअरी आणि मेटिओरा दोन्ही अल्बम. आमच्या टीव्हीला जोडलेल्या व्हीसीडी प्लेअरवर ते लावायचो, आई स्वयंपाकघरातून ओरडायची की हा माणूस एवढा का कळवळतोय रे. सीडीवर एक चरा होता आणि एका गाण्यात बरोबर एका जागी आवाज अडकून पुढं उडी मारायचा. आज बावीस वर्षांनी फोनवर स्वच्छ ऐकते तरी ती जागा आली की मी आतल्या आत थांबते, उडीची वाट बघत.

आता प्रश्न. बेंगळुरू की मुंबई? बेंगळुरूला शुक्रवार म्हणजे सुट्टी टाकावी लागणार, मुंबईला २४ चौथा शनिवार, २५ रविवार, २६ प्रजासत्ताक दिन, तिन्ही दिवस बँक बंद, हे असं जुळून आलंय की देवानंच ठरवल्यासारखं वाटतंय. पण शो संपल्यावर रात्री परत कसं यायचं? एकट्या बाईनं त्या गर्दीत जाणं बरोबर आहे का? मिस्टर मुलांना सांभाळतो म्हणालेत पण त्यांना या संगीताची आवड नाही, उगीच ओढून नेणार नाही.

आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा प्रश्न वेगळाच आहे. त्यांचा गायक चेस्टर आता नाही. २० जुलै २०१७ ला तो गेला तेव्हा मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले होते. आता त्याच्याशिवाय ते बघायला एवढ्या लांब जाणं म्हणजे त्याला विसरल्यासारखं होईल का? हे कुणाला हसू येण्यासारखं वाटलं तरी चालेल, मला खरंच कळेना झालंय.

स्लो_लोकल:

ताई, आधी प्रवासाचं सांगतो कारण ते माझ्या हातातलं आहे, मी लोअर परळला राहतो आणि दोन वर्षं लोला केलंय.

शनिवारी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरा. कोल्हापुरातून रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास सुटते, सकाळी सातच्या आसपास मुंबई. तुम्ही सीएसएमटीपर्यंत जाऊच नका, दादरलाच उतरा, पूल ओलांडून वेस्टर्नला या आणि चर्चगेट स्लो पकडा, प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. फास्ट गाडी महालक्ष्मीला थांबत नाही हे लक्षात ठेवा, नाहीतर थेट मुंबई सेंट्रलला पोचाल. रविवार आहे म्हणून आदल्या दिवशी ब्लॉकचं वेळापत्रकही बघून घ्या. महालक्ष्मी स्टेशनवरून रेसकोर्स दहा-पंधरा मिनिटं चालत.

रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधीच उघडतं (२०२४ च्या नोव्हेंबरपासून, आधी एकशेवीस होतं). म्हणजे २४ जानेवारीच्या गाडीचं बुकिंग २५ नोव्हेंबरला सकाळी आठला उघडणार. जोडून सुट्टी आहे, मुंबईतली अर्धी कोल्हापूरकर मंडळी त्या विकेंडला येजा करणार, तेव्हा आठ वाजता फोन हातात घेऊन बसाच.

परतीचं मात्र नीट ऐका. मुंबईत उघड्यावरचे स्पीकर रात्री दहाला बंद होतात, त्यामुळे शो साधारण दहालाच संपेल. परतीची महालक्ष्मी साडेआठच्या आत सीएसएमटीवरून सुटलेली असते. ती गाठायची तर शेवटचा मुख्य बँड न बघताच निघावं लागेल, मग आलात कशाला? रात्रीच्या खाजगी बसच्या नादाला पण लागू नका. हजारो माणसं एकाच वेळी एकाच रस्त्यावर येतात, टॅक्सी मिळत नाही, आणि बस तुमच्यासाठी थांबणार नाही. दादरला एक रात्र रहा आणि २६ ला सकाळी कोयना एक्सप्रेस पकडा, पावणेनऊच्या सुमारास सीएसएमटीवरून सुटते, दादरलाही थांबते, रात्री आठपर्यंत घरी. शो संपल्यावर चालत स्टेशनवर या, लोकल असतातच. मेट्रो तीन आता कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालीये, तीपण जवळ आहे पण तिची शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेवा.

सकाळी सात ते दुपारपर्यंत वेळ उरतोच, तर भुलाभाई देसाई रोडवर महालक्ष्मीचं दर्शन घेऊन या. अंबाबाईच्या गावची माणसं तुम्ही, तिला न भेटता कसं जाणार.

चिखलातला_मेटॅलिका:

मी पुण्याचा. तुमच्या गाडीच्या-बसच्या प्रश्नांपेक्षा शेवटच्या प्रश्नावर बोलावंसं वाटतंय, पण त्याआधी एक अनुभव.

२०११ चा ऑक्टोबर. मेटॅलिका हा अमेरिकन मेटल बँड पहिल्यांदा भारतात, २८ ला गुडगाव आणि ३० ला बेंगळुरू. आम्ही पाच जण होतो. तिघांनी बेंगळुरूचं तिकीट काढलं, मी आणि अजून एकानं गुडगावचं, का तर त्याची बहीण दिल्लीला, राहायची सोय होती. झेलम एक्सप्रेसनं गेलो, स्लीपरच्या डब्यात रात्रभर दारापाशी उभं राहून बोलत, की सुरुवातीला काय वाजवतील, शेवटी काय वाजवतील. गुडगावला पोचलो, तासन् तास उभे राहिलो, अंधार पडला, स्टेजवर कुणी येईना. मग आधी कुजबुज, मग घोषणा. शो होणार नाही. लोकांनी पुढचे अडसर पाडले होते, वातावरण तापलं, आम्ही एका म्हाताऱ्या पोलिसाच्या मागे मागे चालत कसेबसे बाहेर पडलो. दोन दिवसांनी बेंगळुरूचा मात्र झाला, पॅलेस ग्राउंड्सवर, पावसानं सगळा चिखल केलेला. तिघं मित्र परत आले तेव्हा त्यांच्या बुटांवर तो चिखल वाळलेला होता. एकानं ते बूट कित्येक महिने धुतले नाहीत. मी ते बूट बघायचो आणि काही बोलायचो नाही.

मेटॅलिका त्यानंतर इकडं आलेली नाही.

सांगायचं हे की शो रद्द होऊ शकतो, म्हणून हॉटेल असं बघा की आयत्या वेळी रद्द करता येईल, आणि तिकीट फक्त अधिकृत ठिकाणचंच घ्या, कुणी ओळखीतला दुप्पट भावानं देतो म्हणाला तरी नको. पण त्याहून महत्त्वाचं हे की जे बघायचंय ते जवळ आलंय तेव्हा बघून घ्या. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करत मी चेस्टरला बघायचा राहिलो. २०११ लाच सप्टेंबरमध्ये ते सिंगापूरला एफ वन रेसच्या वेळी वाजवून गेले, ऑफिसातले दोघं गेले होते, मला पैसे जास्त वाटले. आज ते पैसे कशात गेले तेही आठवत नाही.

निळी_खिडकी:

मी इथं वेगळं मत मांडते, राग मानू नका.

मी जाणार नाहीये. चेस्टरच्या जागी आलेल्या एमिली आर्मस्ट्राँगबद्दल काही वाईट बोलायचं नाही, ताकदीची गायिका आहे, आणि दुसऱ्याची जागा भरायला उभं राहणं किती अवघड असतं हे मी समजू शकते. पण माझ्यासाठी ती गाणी म्हणजे तो आवाज होता. माझ्या वाईट दिवसांत, आणि ते खरंच वाईट होते, त्या आवाजानं मला सांगितलं की असं वाटणारी मी एकटी नाही. तो माणूस स्वतः त्यातून बाहेर पडू शकला नाही हे अजून मला पचत नाही. तीच गाणी दुसऱ्या गळ्यातून मैदानात ऐकताना मी आनंदानं उड्या मारू शकणार नाही, आणि नुसती उभी राहून रडायला मला हजारो लोकांमध्ये जायचं नाही.

ताईंनी जावं की नाही हे त्यांनीच ठरवावं. फक्त एवढंच की नाही गेलात तरी ते प्रेम कमी ठरत नाही.

एल्बेकाठचा_नाशिककर:

मी हॅम्बुर्गला असतो आणि २२ सप्टेंबर २०२४ ला बार्कलेज अरेनामध्ये त्यांना बघितलंय, म्हणजे नव्या लाइनअपच्या पहिल्याच फेरीत. ५ सप्टेंबरला त्यांनी एमिलीचं नाव जाहीर केलं आणि अडीच आठवड्यांत ते आमच्या गावात. निळी_खिडकी यांनी लिहिलंय ना, अगदी तेच डोक्यात घेऊन गेलो होतो. तिकीट काढल्यावर दोनदा विकायला काढलं आणि दोनदा मागे घेतलं.

श्टेलिंगन स्टेशनवर उतरलो तर आजूबाजूला सगळे माझ्याच वयाचे, चाळिशीकडे झुकलेले, कुणाच्या अंगावर २००३ चा टी शर्ट, पोटावर ताणलेला. आत गेल्यावर पहिली दोन-तीन गाणी मी हाताची घडी घालूनच उभा होतो, तुलना करत होतो. ती चेस्टरची नक्कल करत नव्हती हे पहिल्यांदा जाणवलं. ती तिच्या आवाजात गात होती आणि जिथं आवाज फाडायचा तिथं जीव तोडून फाडत होती. आणि मग इन द एंड लागलं. शेजारी एक साठीच्या आसपासचे जर्मन आजोबा, पूर्ण वेळ गप्प, त्यांनी डोळे मिटून शब्द न शब्द म्हटला. अख्खा हॉल गात होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चेस्टरची जागा एमिलीनं घेतलेलीच नाही, ती आम्ही सगळ्यांनी मिळून घेतलीये. तो गेल्यावर ऑक्टोबर २०१७ ला हॉलिवूड बोलमध्ये त्यांनी जो कार्यक्रम केला होता त्यात नम्ब वाजवताना मधला माइक मोकळा ठेवला होता, फुलं लावून, आणि गाणं लोकांनी म्हटलं. ते मी तेव्हा लॅपटॉपवर बघितलं होतं. हॅम्बुर्गला ते अंगावर आलं.

माइक शिनोडा अजून आहे, जो हान आहे, फीनिक्स आहे. गिटारवाला ब्रॅड बँडमध्ये असला तरी दौऱ्यावर नसतो, आणि ड्रमवर रॉबच्या जागी कॉलिन ब्रिटन. तेव्हा तुम्हाला सीडीवरचे सगळे चेहरे दिसणार नाहीत, ही मनाची तयारी ठेवा. नवीन अल्बम फ्रॉम झीरो जाण्याआधी दहा वेळा ऐका, त्यातली गाणी वाजणारच, आणि अनोळखी वाटली तर उगाच परकं वाटत राहतं. नावाची गंमत म्हणजे बँडचं सगळ्यात पहिलं नावच झीरो होतं, म्हणजे जिथून निघाले तिथून परत.

बेंगळुरू की मुंबई, तर एकट्या बँडच्या शोमध्ये सहसा जास्त गाणी मिळतात आणि आजूबाजूला सगळी त्यांचीच माणसं असतात. फेस्टिवलमध्ये सेट आखूड आणि बाजूला कुणीतरी दुसऱ्यासाठीच आलेला. पण कोल्हापूरहून बेंगळुरू सहाशे किलोमीटर, एकटीनं, सुट्टी टाकून... तुमचे तीन दिवस जुळतायत तर मी मुंबईच म्हणेन.

आणि एक विचारू का? तुम्ही सीडी आणणाऱ्या दादाबद्दल एवढं लिहिलंत. त्याला विचारलंत का?

अकरावीच्या_पोरीची_आई:

एकट्या बाईनं जाण्याबद्दल कुणी नीट बोललंच नाही म्हणून मी लिहिते. १८ जानेवारी २०२५ ला लेकीला घेऊन नेरूळला डी वाय पाटीलवर कोल्डप्लेला गेले होते, तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेले.

घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण तयारी लागते. पहिली गोष्ट, फोन चालत नाही. चार्जिंगचं नाही म्हणत, नेटवर्कचं. एवढी माणसं एका जागी आली की मेसेज तासाभरानं पोचतो. म्हणून घरी आधीच सांगून ठेवा की दुपारी चार ते रात्री अकरा मी उचलणार नाही, काळजी करू नका. तिकिटाचा क्यूआर फोनमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात.

उभं कुठं राहायचं, तर पुढच्या रेटारेटीत अजिबात जाऊ नका. मैदानाच्या मधोमध आवाजवाल्यांचा एक मांडव असतो, मोठे मोठे बोर्ड घेऊन ते बसलेले असतात, त्याच्या पुढच्या बाजूला लागून उभ्या रहा. ते लोक जिथं बसतात तिथूनच आवाज जुळवतात, तेव्हा ऐकायला सगळ्यात चांगलं तिथंच, आणि पाठीमागून तुम्हाला टेकायला कठडा. गर्दी तिथं दोन बाजूंनी फुटते त्यामुळे चेंगराचेंगरीची भीती कमी. बायका, कुटुंबं, सगळी तिथंच दिसली मला.

जुनेच बूट घाला, नवे नको. दुपारी जानेवारीतसुद्धा रेसकोर्सवर ऊन लागतं, टोपी आणि सनस्क्रीन, आणि रात्री समुद्राकडचा वारा आला की पातळ स्वेटर. पाण्याच्या बाटल्या गेटवर काढून घेतात तेव्हा आत शिरल्याबरोबर पाण्याचा नळ कुठंय ते बघून घ्या. बाथरूमला मुख्य बँडच्या निदान पाऊण तास आधी जाऊन या, नंतरची रांग संपत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात, लाजू नका, घाला, आवाज थोडा कमी होतो पण गाणं ऐकू येतंच, आणि दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत नाही. पाळीच्या तारखा बघून सामान ठेवा, आत काही मिळेल या भरवशावर राहू नका.

आणि गर्दीतली माणसं चांगली असतात हो. माझी लेक रडायला लागली तर पुढच्या अनोळखी पोरानं मागं वळून पाण्याची बाटली दिली आणि परत पुढं बघायला लागला. एवढंच.

धोबीतलाव_१९८९:

वयानं तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन. आम्ही धोबीतलावच्या रंगभवनला आय-रॉक, म्हणजे इथल्या रॉक बँडचा महोत्सव, बघायला डोंबिवलीहून यायचो, शेवटची गाडी चुकली की सीएसएमटीच्या बाकावर, तेव्हा व्हीटी म्हणायचो. बाहेरचे बँड येतील असं स्वप्नातसुद्धा नव्हतं. आमचे इथलेच बँड परक्यांची गाणी वाजवायचे, मूळ गाणारा एकही स्टेजवर नसायचा, आणि तरी आम्ही ती आमचीच म्हणून ऐकली, घसा बसेपर्यंत. म्हणून कुणाच्या गळ्यातून आलं यावर मी फार अडत नाही. बाईंनी जरूर जावं.

रंकाळ्याची_संध्याकाळ:

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचं होतं पण दोन दिवस शब्दच सुचेनात.

निळी_खिडकी, तुमचं लिहिलेलं सगळ्यात जास्त वेळा वाचलं. तुमच्या जागी मीही कदाचित हेच म्हटलं असतं. वाईट दिवसांचं जे लिहिलंत ते कळलं, तेवढंच सांगते. तुम्ही घरीच असाल त्या रात्री तर तुमच्या नावानं एक गाणं मी तिथं म्हणेन, चालेल ना?

नाशिककर, तुमच्या शेवटच्या ओळीनं झोप उडवली. दादाला विचारलं नव्हतं. तो पुण्यात असतो. बाबा गेल्यापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलंय, भांडण असं नाही, पण सातबारा, बँकेचे कागद, आईची औषधं, एवढंच. त्या दिवशी रात्री फोन केला आणि आधी पाच मिनिटं आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनबद्दलच बोलले. मग म्हटलं दादा, लिंकिन पार्क येतंय. तो पलीकडं गप्प. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, तुला ती उडी आठवते का गं, सीडीतली? आणि तोंडानं वाजवून दाखवली, बरोबर त्या जागी थांबून. त्यालापण अजून तिथं अडखळायला होतं म्हणे.

तर ठरलं. आज २५ तारीख, सकाळी पावणेआठला बँकेत जायच्या गडबडीत डबा भरत होते, पोळ्या मिस्टरांकडं सोपवल्या आणि फोन घेऊन बसले. दोन वेगळी तिकिटं काढली, त्याचंही कोल्हापूरपासूनच, फक्त चढायचं ठिकाण पुणं टाकलं, वेगळ्या तिकिटावर केलं कारण एकाच तिकिटावर टाकलं तर माझंही पुण्यापासूनच धरतात. नशिबानं एकाच डब्यात, एकाच खणात आली, माझा लोअर, त्याचा मिडल. कोयनाचं परवा सकाळी आठला उघडेल तेव्हा तेही काढते. दादरचं हॉटेल चोवीस तास आधी रद्द करता येतं, हे चिखलातला_मेटॅलिका यांच्यामुळे बघितलं. फोमचे बोळे दोन जोड आणलेत.

गाडी पुण्याला मध्यरात्र उलटून गेल्यावर येते. दादा म्हणाला, झोप तू, मी हळूच चढतो, उठवत नाही. मी म्हटलं, झोपतेय कुठली, दारात उभी असेन.